बिनतारी पुलाची भारक्षमता

रुग्णालयाच्या दोन इमारतींमधले अंतर चाळीस पावले आहे. जुन्या इमारतीत तपासण्या होतात, नव्या इमारतीत शस्त्रक्रिया. तपासणीचे अहवाल पूर्वी शिपाईमामा हातात घेऊन अंगण ओलांडत. इतकी सोपी पद्धत प्रशासनाच्या डोळ्यांत खुपणे साहजिकच होते.

म्हणून दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर एकेक पांढरी डबी बसवण्यात आली. मध्ये वायर न टाकता एका इमारतीतले संगणक दुसरीतल्या संगणकांना जोडण्याचे काम या डब्या करत. अहवाल क्षणात पोचू लागले आणि शिपाईमामांचे पद रद्द झाले. अकरा दिवस सगळे सुरळीत चालले. बाराव्या दिवशी नोंदवहीच्या कारकुनाने यंत्राच्या इंग्रजी नावाचे शुद्ध भाषांतर केले. वस्तू : बिनतारी पूल. संख्या : एक.

पूल म्हटल्यावर कागद बांधकाम खात्याकडे गेला आणि खात्याचा अभियंता टेप घेऊन गच्चीवर आला. डबी बसवणारा तंत्रज्ञ सोबत होता.

"कठडे कुठे आहेत?" अभियंत्याने विचारले.

"साहेब, यावरून माणसं जात नाहीत. नुसते अहवाल जातात."

"किती वजनाचे?"

"त्यांना वजन नसतं."

अभियंत्याने फॉर्म दोनदा उलटापालटा करून पाहिला. "बिनवजनाचा रकाना नाही यात. बरं, पूल दाखवा."

"तो दिसत नाही."

"म्हणजे पडला?"

"नाही हो साहेब. हवेतून आहे."

"खाली आधार?"

तंत्रज्ञ सरळ माणूस होता. नाही म्हणाला.

'पुलास आधार नाही' अशी नोंद झाली. त्याच दुपारी पूल धोकादायक ठरला आणि डब्या बंद झाल्या. धोकादायक पुलाखालून कोणी ये-जा करू नये, हे ओघानेच आले. अंगण नेमके पुलाखाली असल्याने अंगणाला दोरी लागली आणि दोरीपाशी रखवालदार उभा राहिला. अहवाल आता नातेवाइकांनी मागच्या फाटकातून, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून न्यायचे होते. फाटकासाठी पास लागत होता. पास एकाच खिडकीवर मिळत होता.

त्या खिडकीच्या रांगेत मी सव्विसावा होतो. दीड वाजता रांगेच्या शेपटाकडून एक बाई पुढे आली. तिच्या हातात अहवाल होता. समोर नव्या इमारतीत तिचा नवरा सकाळपासून उपाशीपोटी शस्त्रक्रियेची वाट पाहत पडला होता.

"दादा, मला पुढे जाऊ देता का?" ती म्हणाली. "दोनच्या आत हा कागद पोचला नाही तर यांचं ऑपरेशन तीन आठवडे पुढे जाईल. डॉक्टर म्हणतात, तेवढा वेळ नाहीये यांच्याकडे."

"ताई, आम्हीसुद्धा हौस म्हणून उभे नाही इथे," मी म्हणालो. रांगेने माना डोलावल्या.

पावणेदोनला ती दोरीपाशी गेली. रखवालदाराने तिच्याकडे पाहिले, तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि पाठ फिरवून गच्चीवरच्या डबीकडे बघत राहिला.

"पूल नीट आहे का ते बघतोय," तो पुटपुटला. "मला वेळ लागेल."

बाई वाकून दोरीखालून आत गेली. तिची बारा-पंधरा पावले झाली असतील.

"ओ बाई! नियम सगळ्यांना सारखे!" रांगेतून आवाज आला. मग वीस-पंचवीस आवाज आले. रखवालदाराला नाइलाजाने ऐकू आले आणि तो तिला परत घेऊन आला. तोवर रांगेतली तिची जागा भरून गेली होती. दोन वाजले तेव्हा ती शेवटी उभी होती, कागद तसाच हातात.

मला लाज वाटली. नंबर सोडण्याइतकी नाही.

पण पहिला आवाज माझा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझा दुसरा. पहिला अगदी माझ्या पाठीमागून आला, आणि सत्ताविसाव्या नंबरवर तुम्ही होतात.