थोरल्या जावयाचा नळ

"आज धाकट्याचा माज उतरवतोच!" थोरल्या जावयाने मिशीला पीळ देत बायकोला सांगितलं.

सासऱ्यांचे दोन पब. जुना थोरल्या जावयाकडे, समोरचा नवा धाकट्याकडे. बिअर एकाच कंपनीची, एकाच ट्रकमधून येणारी. तरी गिऱ्हाईक थोरल्याकडे एक घोट घ्यायचं, तोंड वाकडं करायचं आणि रस्ता ओलांडायचं! शेवटी सासऱ्यांनी बजावलं, "मी चालवत होतो तेव्हा या नळापाशी गर्दी मावत नव्हती. संध्याकाळी दोन्हीकडची चाखतो. नापास होईल त्याने किल्ल्या ठेवायच्या!"

ट्रकवाला धाकट्याला चांगली पिंपं देतो, याबद्दल थोरल्याला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून ट्रकवाला चहाला गेला तसं याने दोघांची पिंपं गुपचूप बदलून टाकली. पाठीत उसण भरली, पण गडी खूश!

संध्याकाळी सासरे आले. पहिला घोट घेतला आणि फुर्रर्र! थोरल्याचा शर्ट भिजला.

"जावईबापू, हा काय ओल्या पोत्याचा काढा आहे?"

"अशक्य! अहो बाबा, हे पिंप तर..." थोरल्याने जीभ चावली.

सासरे तरातरा समोर गेले. धाकट्याकडचा घोट घेऊन त्यांनी डोळेच मिटले. "वा! याला म्हणतात बिअर!"

बायकोसह मागोमाग आलेला थोरला मटकन खुर्चीत बसला. म्हणजे त्याचंच पिंप इथे गोड लागत होतं! "भुताटकी आहे ही!"

"कसली भुताटकी? पिंपापासून नळापर्यंतचा पाइप शेवटचा कधी धुतलात?" बायकोने विचारलं.

"पाइप कशाला धुवायचा? त्यातून बिअरच तर जाते!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. सगळी वरात जुन्या पबात आली. धाकट्याने पाइप सोडवून त्यात गरम पाणी सोडलं. आधी काहीच येईना. मग करडं, बुळबुळीत असं काहीतरी सरकत सरकत आलं आणि बादलीत पडलं, थप्प! धाकटा किंचाळून स्टुलावर चढला.

"लोक हे प्यायले?" बायकोने पदर नाकाला लावला.

थोरल्याने मान खाली घालून किल्ल्या सासऱ्यांपुढे धरल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ठेवा त्या खिशात," ते कसेबसे म्हणाले. "आणि सासूबाईंना यातलं अवाक्षर सांगू नका."

"पण बाबा, पाइप धुतला नाही, ही चूक माझीच ना?"

"धुवायचा असतो?" सासऱ्यांनी पोट घट्ट धरलं. "अहो, मी तर जन्मभर त्यातूनच प्यायलो!"