कोरड्या अंगणातले सहा मिलिमीटर

बढाई मारायचा माझा स्वभाव नाही, पण बावीस वर्षांत मी नोंदवहीत एकही खोटा आकडा लिहिलेला नव्हता. किनाऱ्यावरच्या आमच्या हवामान केंद्रात तीनच गोष्टी कायमच्या: उकाडा, पाण्याची बोंब आणि मी! आमच्या भागात वसंतात चार सरी पडल्या तर पडल्या, नाहीतर पुढे सहा महिने आभाळाकडे बघत बसायचं. म्हणून वसंताचा अंदाज हा आमच्याकडचा वर्षातला सगळ्यात वजनदार कागद, आणि तो लिहायचा मान माझा.

यंदा तलावात चाळीस दिवसांचं पाणी उरलं होतं. पाणीपुरवठ्याचे मुख्य इंजिनियर म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी. त्यांनी फोनवर सरळच विचारलं, "पाऊस आहे की नाही एवढंच सांगा. नसेल तर उद्यापासून दिवसाआड पाणी करतो. असेल तर उगाच लोकांच्या शिव्या कशाला खाऊ?"

मी आठ दिवस मागून घेतले. घरीही कडक शिस्त लावली. केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आत्या राहतो. मी सडाफटिंग, ती ऐंशीच्या पुढची, मला लहानाचं मोठं केलेली. न्हाणीच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'एक थेंबही फेकू नये.' आत्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नेहमीप्रमाणे अंगणातला पर्जन्यमापक उघडला. वर नरसाळं, खाली बाटली, एवढंच ते यंत्र. गेले पाच महिने त्यात धुळीखेरीज काही आलं नव्हतं. आज बाटलीत पाणी होतं. मोजलं, तर बरोबर सहा मिलिमीटर!

मी आभाळाकडे पाहिलं. ते धुतल्यासारखं निरभ्र. अंगणातल्या धुळीवर एका थेंबाचाही डाग नव्हता. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा. चौथ्या दिवशीही सहा, ना जास्त ना कमी. पाचव्या दिवशी मोजपात्र नाकाशी नेलं आणि अंगावर काटा आला. त्या पाण्याला पुदिन्याचा वास होता, आणि वर पांढरा फेस.

केंद्रात माझ्या जोडीला एकच माणूस. गुडघे दुखले की पाऊस येतो अशी त्यांची ख्याती, म्हणून त्यांना सगळे बॅरोमीटर म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि कशाला म्हणून घाबरणारे नव्हेत. पण त्या पाण्याला बोट लावायला ते तयार होईनात.

"माझे गुडघे गप्प आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "हा पाऊस वरून पडत नाहीये."

मग कुठून पडतोय, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते अंगणाला वळसा घालून, मागच्या कुंपणातून कामावर यायला लागले. फाटकाशी झोपणारं कुत्रंही जागा सोडून गेलं. आसपासच्या सगळ्या केंद्रांवर शून्य, पाऊस फक्त आमच्या वीतभर नरसाळ्यात, आणि तोही फेसाळ! भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण नियम म्हणजे नियम. जे बाटलीत सापडेल ते वहीत लिहायचं, का सापडलं ते विचारायचं नाही. उरलेल्या भीतीवर मी शास्त्राचं पांघरूण घातलं. पहाटेची स्थानिक सर आहे, तहानलेली माती ती शोषून घेते, आणि वास येतो समुद्री शेवाळाचा. हे मी इतक्या ठामपणे लिहिलं की माझं मलाच पटलं.

आठव्या दिवशी अंदाज छापून आला: 'वसंत सरासरीपेक्षा ओला.' दाजींनी पाणीकपातीचा कागद फाडून टाकला. गावभर नळ धो धो सुरू झाले, लोकांनी गाड्या धुतल्या, अंगणं धुतली. बारा दिवसांत तलाव इतका उतरला की तळाची जुनी पायरी दिसू लागली. पर्जन्यमापकात रोज सहा, तलावात रोज कमी. दाजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"तुमच्या शब्दावर मी सबंध गावाला पाणी सोडलंय. हा पाऊस पडतोय तरी कुठे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच उठून मी कोठीच्या खिडकीशी दबा धरून बसलो. समुद्राकडून धुकं आलं होतं, पानही हलत नव्हतं. आणि त्या धुक्यातून एक पांढरी आकृती पर्जन्यमापकाकडे सरकत आली! मोकळे पांढरे केस, अंगभर चादर, गालांच्या जागी दोन खड्डे. ती नरसाळ्यावर वाकली, काहीतरी पुटपुटली आणि हातातलं ओतू लागली. मी असा ओरडलो की बॅरोमीटरना म्हणे चार गल्ल्या पलीकडे जाग आली.

"ओरडतोस काय?" आकृती म्हणाली. "कवळीचं पाणी आहे. थेंबही फेकू नको म्हणालास ना? तू रोज त्या डब्यातलं पाणी मोजून लिहून घेतोस, म्हटलं सरकारजमा होत असेल."

कवळी भिजवायचा तोच पेला, तीच कवळी साफ करायची पुदिन्याची गोळी, रोज काठोकाठ. म्हणून बरोबर सहा मिलिमीटर! उभ्या गावाचा वसंत मी आत्याच्या दातांवर बेतला होता.

दाजींना फोन केला. सगळं सांगितलं, कवळीसकट. त्यांनी ताईला फोन दिला, आणि पुढचं मी इथे लिहीत नाही. अंदाज मागे घेतला, दिवसाआड पाणी सुरू झालं, तेही जेमतेम अर्धा तास. आठवडाभर मी मान खाली घालून हिंडत होतो. मला जरा मोकळा श्वास मिळावा म्हणून की काय, ताई येऊन आत्याला आपल्या घरी घेऊन गेली. नवीन कवळीही करायची होती.

घरात मी एकटा उरलो. पहिले तीन दिवस पर्जन्यमापक कोरडा होता. चौथ्या दिवशी सकाळी आठला बाटली उघडली.

सहा मिलिमीटर. वर पांढरा फेस.

मी अंगणात उभा होतो तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आत्या होती.

"नवीन कवळी बसली बघ. जुनी तिकडेच खिडकीत राहिलीय, फेकू नको हं. पेल्यातलं पाणी बदलतोस ना रोज?"

मी तिच्या खोलीत गेलो. खिडकीत पेला होता. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. आतलं पाणी स्वच्छ होतं, आणि तळाशी एक गोळी अजून विरघळत होती.

"बदलतो ना," मी म्हटलं.

मग बाहेर येऊन बाटली कुंपणापाशी रिकामी केली, टेबलाशी बसलो आणि वही उघडली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच खोटा आकडा लिहायचा होता, म्हणून पेनचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं. शून्य काढायला इतकं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं!