नाचणीची सायकल

व्यंकोजीअण्णांना एकदा छत्री घ्यावीशी वाटली. दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता. अण्णांनी घरातलं लाटणं काखेत मारलं आणि उन्हाळाभर ते घेऊन हिंडले. बँकेत लाटणं, देवळात लाटणं, दाढीला गेले तरी मांडीवर लाटणं.

"छत्री वापरायला अवघड नसते बा," ते मला म्हणाले. "विसरायला सोपी असते. आपण किती विसरतोय ते आधी कळू दे की."

कळलं. पहिलं लाटणं न्हाव्याकडे राहिलं आणि त्याच्या जागी आणलेलं रेल्वेत गेलं. त्यांच्या पत्नी सावित्रीअक्का तेवढे दिवस सरबताच्या बाटलीनं चपात्या लाटत होत्या. शेवटी अण्णांनी निकाल दिला, छत्री नको. "लाटणी गेली, पण छत्री वाचली की नाही?" असं म्हणून ते पुढची सगळी वर्षं खुशाल भिजत राहिले.

"आधी सवय, मग वस्तू." हे त्यांचं वाक्य. कुठलीही वस्तू घरात यायच्या आधी तिची तालीम व्हायची. टेलिफोनसाठी नाव नोंदवलं तेव्हा नंबर लागायला वर्षं जायची. तोवर अण्णांनी कोपऱ्यातल्या तिवईवर पितळी डबा ठेवला. जेवण तयार झालं की अक्का आतून "ट्रिंग ट्रिंग" करायच्या, अण्णा डब्याचं झाकण कानाला लावून "हलो" म्हणायचे आणि मग पाटावर येऊन बसायचे. पुढं खरा फोन आला, पण तो काही वाजेना. त्यांना फोन करणार तरी कोण. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद सगळे चालत येण्याच्या अंतरावर. थोड्या दिवसांनी अक्का पुन्हा आतून ट्रिंग ट्रिंग करायला लागल्या. अण्णा आता खरा फोन उचलून हलो म्हणायचे. एवढाच काय तो फरक.

अण्णांचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आलेलं, की मूळ गाव कुठलं विचारलं तर ते उत्तरेकडे हात करायचे. "तिकडंच कुठंतरी." नगरथपेटेत त्यांचं शिंप्यांच्या सामानाचं दुकान होतं. बटणं, अस्तर, दोरे, हुक. त्याला लागून आमच्या शेठचं गलाईचं दुकान. सोनारांच्या दुकानातली सोन्याचे कण असलेली झाडलोट, जुनं मोडकं सोनं-चांदी आमच्याकडे यायची आणि आम्ही ती भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात नववीत गणिताशी जमलं नाही की पोरगं गलाईला जायचं. माझं जमलं नाही. मी बंगळूरला आलो आणि ज्यानं ज्यानं मला बस म्हटलं, पाणी दिलं, रस्ता सांगितला, त्याचे आभार मानत राहिलो. नको म्हणायची मला भीतीच वाटायची. नको म्हटलं आणि उद्या गावी परत पाठवलं तर?

आम्ही कामगार दुकानातच झोपायचो. तेजाबाच्या वाफेनं मला खोकला धरला, तेव्हा शेठनी अण्णांना विचारलं. अण्णांच्या के. आर. पुरमच्या घरामागं एक रिकामी खोली होती. अण्णा म्हणाले, "सरी. पण स्वल्प थांबा." हे 'ठीक, पण थोडं थांबा' पंधरवडाभर चाललं. मी घाबरून गेलो, वाटलं माझ्यात काही खोट दिसली. खरं कारण अक्कांनी नंतर सांगितलं. अण्णांनी त्या खोलीच्या दाराशी जुन्या चपलांचा एक जोड ठेवला होता आणि संध्याकाळी आत दिवा लावत होते. भाडेकरूची तालीम. मी ट्रंक घेऊन पोचलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चपला कुठं काढणार?" मी जिथं काढल्या, ती नेमकी त्या जोडाचीच जागा निघाली. अण्णांचा चेहरा खुलला. "बघ सावित्री. मी म्हणालो नव्हतो?"

मी आत आल्यावर आभार मानले. अक्का म्हणाल्या, "आभार पुरे. जेवायला बस. ह्या घरात तूच एक असा आलास की ज्याचं डबडं आधी मला सांभाळावं लागलं नाही."

त्यानंतर मी आणि अण्णा रोज सकाळच्या पॅसेंजरनं एकत्रच सिटी स्टेशनला जायचो. तिथून पेटेपर्यंत चालत. हळूहळू अण्णांचा गुडघा कुरकुरायला लागला. बसचं त्यांना वावडं होतं, "ती तिच्या मर्जीनं जाते." रिक्षावाल्यांशी बोलणं म्हणजे त्यांच्या मते भांडणाची तालीम. अशात त्यांच्या कानावर आलं की व्हाइटफील्डला एक डोरीनबाई आपली घडीची सायकल विकणार आहेत.

डोरीनबाई अँग्लो-इंडियन. नवरा बोटीवर कामाला होता, त्यानं कुठल्याशा बंदरातून आणलेली ही सायकल. तो वारला, आणि जानेवारी संपता संपता बाई लेकीकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघणार होत्या. आम्ही एका रविवारी गेलो. व्हरांड्यात सायकल उभी होती. हिरवी, लहान चाकांची, मधोमध बिजागरी. बाईंनी एक खिटी ओढली आणि सायकल पुस्तकासारखी मिटली. अण्णा मनातल्या मनात हिशेब मांडायला लागले. सायकल घरापासून स्टेशनपर्यंत चालवायची, मिटायची, गाडीत घालायची, सिटीला उघडायची, पेटेत चालवत जायची. गुडघ्याचा प्रश्नच मिटला.

"घेताय ना, मिस्टर राव?" बाईंनी विचारलं.

"सरी," अण्णा म्हणाले. "पण स्वल्प थांबा."

मग दर रविवारी आम्ही सायकल बघायला जायला लागलो. बाई चहा द्यायच्या, केक द्यायच्या. अण्णा घंटी वाजवून बघायचे, सीटवर हात फिरवायचे, उठायचे. एकदा बाई कानडीत म्हणाल्या, "मिस्टर राव, मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतक्या वेळा केक खात नाहीत." अण्णा लाजले. केक मात्र संपवला.

तालीम अर्थातच सुरू झाली होती. सायकल उचलून अण्णांनी वजनाचा अंदाज घेतला आणि घरी येऊन तेवढी नाचणी पोत्यात भरली. पण नाचणी मऊ. "सायकल टोचते बा, पोतं टोचत नाही." म्हणून त्यांनी भंगारातून एक पेडल आणलं आणि ते पोत्यातून बाहेर येईल असं शिवून टाकलं. शिंप्यांचं सामान घरचंच. शिवण इतकी सुबक होती, की पोत्याला पेडल जन्मतःच होतं असं वाटावं.

हे पोतं रोज आमच्याबरोबर पॅसेंजरनं जायला लागलं. पेडल लोकांच्या पोटऱ्यांना लागायचं आणि अण्णा खुश व्हायचे, कारण खरी सायकलही लागलीच असती. एकदा टीसीनं विचारलं, "हे काय आहे?"

"सायकल," अण्णा म्हणाले.

टीसीनं वाकून पोतं चाचपलं. "ही तर रागी आहे."

"आत्ता रागी आहे. पुढं सायकल होईल."

टीसीनं माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं त्याचे आभार मानले. तो पुढच्या डब्यात गेला.

सिटी स्टेशनच्या बाहेर अण्णा थांबायचे. सायकल उलगडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. मग पँटच्या पायाला क्लिप लावायचे, खिशातून घंटी काढायचे आणि चिक्कपेटेच्या गर्दीतून घंटी वाजवत चालायला लागायचे. पुढं अण्णा घंटी वाजवत, मागं मी खांद्यावर नाचणी घेऊन. एका म्हातारीनं तर आम्हाला हात जोडले. तिला वाटलं कुठल्यातरी देवाचा शिधा चाललाय.

"तालीम छान चाललीय," अण्णा म्हणायचे. "काही जड जात नाही बघ."

मी खांदा बदलायचो आणि म्हणायचो, "होय अण्णा."

डिसेंबरात शेठनी मला बोलावलं. कोईमतूरला नवीन दुकान काढतोय, नवीन वर्षाला तू तिकडं जायचं, भट्टी तूच सांभाळायची. नववी नापास माणसावर भट्टी सोपवतायत, म्हणून मी शेठचे आभार मानले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. अण्णांना सांगायचं कसं? आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. रोज पोतं उचलायचो आणि गप्प बसायचो.

मग एका संध्याकाळी घरी आलो तर माझा चपलांचा जादा जोड दारातून नाहीसा झालेला. शोधला, तर आत कॉटखाली ढकलून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्यासाठी न थांबता स्टेशनला गेले. मी धावत गाठलं तर म्हणाले, "तू मागच्या डब्यात बस बा." दुपारचा चहा त्यांनी एकट्यानं घेतला. मला वाटलं, झालं. शेठकडून कळलंय आणि अण्णांना राग आलाय. खोली काढून घेणार. जायच्या आधीच घालवणार.

मी अक्कांकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, माझं काही चुकलं का?"

"तुझं कशाला चुकेल." त्यांनी मान वर केली नाही. "तुझी तालीम चाललीय."

मला कळेना.

"तू जाणार ना नवीन वर्षाला. ह्यांना शेठनी सांगितलं परवा. तेव्हापासून तू नाहीस असं धरून चाललेत. चपला नाहीत, गाडीत तू नाहीस, चहाला तू नाहीस. आधी सवय." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "मला म्हणाले, तू पण कर. मी म्हटलं, मला जमायचं नाही. मी आपली तो गेल्यावर रडेन."

मी उठायला लागलो तशा म्हणाल्या, "आणि उद्या पोत्याला हात लावू नकोस हं. लावलास तर परत पहिल्यापासून सुरू करतील."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या डब्याच्या दारात उभं राहून बघत होतो. अण्णा पोत्याशी वाकले. अर्धं उचललं, पायरीपर्यंत नेलं, पेडल अडकलं, पोतं पुन्हा खाली. पुन्हा उचललं. गुडघ्यावर हात ठेवून थांबले. इतके दिवस ते काही जड जात नव्हतं, कारण दुसरं टोक माझ्याकडे होतं. हे मला माहीत होतं. अण्णांना त्या सकाळी कळलं. गाडीनं शिट्टी दिली. माझे हात शिवशिवत होते, पण अक्कांनी बजावलेलं. शेवटी डब्यातून एका फुलवालीनं हात खाली घातला आणि बडबडत पोतं वर ओढून घेतलं. मालूरकडून बाजाराला फुलं घेऊन येणारी बाई. तिची बडबड मला मागच्या डब्यापर्यंत ऐकू येत होती, आणि मधून अण्णांचं "होय की, होय की."

नवीन वर्षाला मी निघालो. अण्णा स्टेशनवर आले होते. मी विचारलं, "सायकलचं काय ठरलं?"

"तालीम फसली," ते म्हणाले. "एकट्याला उचलत नाही."

एवढंच. गाडी सुटल्यावर त्यांनी हातही हलवला नाही. त्याची तालीम बहुधा राहून गेली होती.

कोईमतूरला भट्टी चांगली चालली. मी तिथंही सगळ्यांचे आभार मानत होतो, पण संध्याकाळी कुणी आतून ट्रिंग ट्रिंग करत नव्हतं. पाडव्याला दोन दिवसांची सुट्टी मिळाली तसा थेट के. आर. पुरम गाठलं. दारात चपला काढल्या, जुन्याच जागी. आत पाऊल टाकलं आणि थांबलो. टेलिफोनच्या तिवईशेजारी हिरवी सायकल मिटून उभी होती.

"अण्णा, ही उचलत नाही म्हणाला होतात ना?"

"नाहीच उचलत."

"मग?"

"म्हणून तर घेतली." ते माझ्याकडे न बघता सीटवरची धूळ पुसत होते. तिच्यावर धूळ नव्हती. "लाटणं एकट्याला उचलतंय. डबा एकट्याला उचलतोय. हिला रोज कुणीतरी हात लावायला लागतोय बा. हात लावला की माणूस दोन शब्द बोलतो. कुठं उतरणार विचारतो. सिटी येईपर्यंत वेळ जातो."

अक्का आतून म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा तालीम फसलेली वस्तू आणली ह्यांनी. डोरीनबाईंनी निघताना ह्यांना अख्खा केक बांधून दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्टेशनला गेलो. अण्णा सायकलवर, अगदी सावकाश, मी शेजारून चालत. फलाटावर त्यांनी खिटी ओढली, सायकल मिटली. गाडी आली. दारातून तीच फुलवाली वाकली, आणि तिच्यामागून जेवणाचा डबा घेतलेला एक कारखान्यातला माणूसही हात पुढं करून उभा राहिला. रोजचंच असावं.

"बेडा, अक्का," नको म्हणत अण्णांनी तिला थांबवलं. मग कानडीतच, पण डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज आमचा मुलगा आलाय."

फुलवालीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जागा करून दिली. मी मागचं चाक धरलं. कुठं धरायचं, किती वाकायचं, अण्णांच्या गुडघ्याला झटका न बसता कधी वर न्यायचं, काही विचारावं लागलं नाही. सवय आधीच झालेली होती.