सात वेळा कोंडाजीशेठ

चौलच्या पुढे एका लहान बंदरावर 'कोंडाजीशेठ मच्छीमार सोसायटी' आहे. शेठ हयात आहेत आणि स्वतःच अध्यक्ष आहेत, त्यामुळे नाव बदलायचा प्रश्न उद्भवत नाही. वादळाचा इशारा अलिबागहून सोसायटीच्या यंत्रात येतो आणि तिथून समुद्रातल्या होड्यांवर जातो. त्याला यायला दोन वाटा होत्या. एक, शेठांनी नारळ फोडलेली नवी जाड केबल. दुसरी, उपाध्यक्ष काळूरामांच्या काळातला टेकडीवरचा वायरलेस डबा. वारा सुटला की हा डबा मान हलवायचा आणि निरोप अडायचा.

यंत्रं नेत्राच्या ताब्यात होती. एकदा शेठांनी सहज विचारलं आणि तिने सहज सांगितलं, एवढीच काय ती तिची चूक.

"शेठ, राउटर बीजीपी नावाच्या पद्धतीने एकमेकांना वाटा कळवतात. वाटेत ज्यांचं नेटवर्क लागतं त्यांची नावं त्या वाटेवर लिहिलेली असतात. नावं कमी ती वाट जवळची. अलिबागचा राउटर तीच धरतो."

"आपला नाव किती वेला हाय त्यान?"

"सोसायटीचं? एकदा."

"येकदाच?" शेठांचा चेहरा पडला. "नारळी पुनवेच्या फ्लेक्सवर मी चार जागी होतो. संचालक सात हाईत, तर सात वेला टाक. परत्येकाचा मान राहील."

"टाकता येतं, शेठ. पण वाट नकोशी करायची असली की टाकतात. ती लांब दिसते, मग तिकडून कोणी येत नाही."

"माज्या नावानं कोन येत न्हाय म्हंतेस?"

पगार शेठांच्या सहीने व्हायचा. नेत्राने केबलच्या वाटेवर नाव सात वेळा टाकलं; डब्याच्या वाटेवर ते एकदाच राहिलं.

केबल त्याच दिवशी ओस पडली आणि सगळी वर्दळ डब्यावर गेली. नेत्राने उपाय सुचवला की डब्याच्या वाटेवर नाव आठ वेळा टाकू, म्हणजे केबल पुन्हा जवळची दिसेल. संचालक मंडळाने त्यावर गांभीर्याने विचार केला. उपाध्यक्षांच्या वाटेला अध्यक्षांच्या वाटेहून जास्त मान देणं शिष्टाचारात बसत नव्हतं. डब्याला सहा मंजूर झाले आणि केबल होती तशीच रिकामी राहिली.

मग एका दुपारी वारा फिरला. बंदरावरची सोनूबाई सुक्या बोंबलांचा हारा तसाच टाकून ऑफिसच्या दारात आली.

"नेत्रा, माजा पोर सदा दर्यान हाय गो. तुजा निरोप गेला का?"

"आलाच नाही, मावशी. डबा हलतोय."

"आन ती जाडी केबल?"

नेत्राला चीड आली. तिने अलिबागचा राउटर सांभाळणाऱ्या मृणालीला फोन लावला. "नावं मोजू नकोस. तुझ्या राउटरवर माझ्या केबलच्या लोकल प्रेफरन्सचा आकडा वाढव. तो आकडा आधी बघतात, नावं मागाहून. आत्ता, या क्षणी!"

मृणालीने वाढवला. साचलेला इशारा केबलवरून धाडकन आला आणि होड्यांवर गेला. सदा जाळं अर्धवट ओढून माघारी वळला आणि संध्याकाळच्या आत धक्क्याला लागला. सोनूबाईने आधी त्याला शिव्या दिल्या, मग मिठी मारून रडली.

नेत्राच्या सत्काराच्या सभेत तिने स्पष्टच सांगितलं, "मृणालीच्या साहेबांनी तो आकडा परत खाली आणलाय. आता आपली जादा नावं काढली नाहीत, तर पुढच्या वादळात होड्यांना कळायचं नाही."

नावं काढायला हवीत, यावर सभेचं एकमत झालं. कोणाच्या वाट्याचं काढायचं, यावर मात्र अंधार पडेपर्यंत चर्चा चालली. प्रत्येक संचालक दुसऱ्याचं सुचवत होता. शेवटी मागून सोनूबाईने हात वर केला. नेत्राला हायसं वाटलं. आता ही बाई सगळ्यांना चांगलं सुनावणार!

"माज्या सदाच्या नावाचा पन येक टाका," सोनूबाई म्हणाली. "याच केबलीनं घरा आलाय ना तो?"

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. केबलवर आता आठ वेळा नाव आहे, आणि वाऱ्याचे दिवस जवळ आलेत.

हसताय ना? गेल्या वेळी लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हा तुम्ही आधी मुहूर्त बघितलात की निमंत्रकांत आपलं नाव शोधलंत?