उपळेकरांचं साडेसहा किलो नेटवर्किंग

काहीही झालं तरी पोरीचं ऐकायचं नाही, असं रविकांत उपळेकरांनी त्या संध्याकाळी ठरवलं. निर्णय तसा लहानसाच होता. पण उपळेकरांचे लहान निर्णयच घराला भोवतात. मोठे निर्णय कुमुदिनीबाई घेतात आणि ते सुरळीत पार पडतात.

झालं असं. अड्यारच्या त्यांच्या सरकारी ऑफिसात (कुठलं ते विचारू नका, माणूस अजून पेन्शन घेतोय) नेटवर्क बसून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यात कुठूनसा व्हायरस शिरला आणि तीन दिवस सगळे कॉम्प्युटर आडवे झाले. चौथ्या दिवशी रामस्वामी साहेबांनी सेक्शनला बोलावून सांगितलं, की वरून हुकूम आलाय, सगळ्यांनी खात्याची परीक्षा द्यायची. विषय, नेटवर्किंग आणि सिक्युरिटी. शंभरात चाळीस हवेत. जो नापास होईल तो गुम्मिडिपूंडीच्या गोदामावर.

उपळेकर राहायला मैलापूरला. घरून निघालं की पंचवीस मिनिटांत टेबलावर. चौदा वर्षांची ही सवय. गुम्मिडिपूंडी पार उत्तरेला, आंध्रच्या वेशीपाशी. म्हणजे पहाटे अंघोळ, दोन गाड्या, वर पुन्हा बस, आणि संध्याकाळी तोच वनवास उलट्या दिशेनं. वय पन्नास, त्यात गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला. उपळेकर घाबरले, आणि घाबरले की त्यांना राग येतो. (त्यांना सगळ्यानंच राग येतो. भीतीनं जरा जास्त येतो, इतकंच.)

"सर, पेपर विथ बुक्स आहे का?" शेजारच्या टेबलावरच्या श्रीनिधीनं विचारलं. पोरगा सव्वीसचा, चेहरा थंड. असल्या थंड चेहऱ्यांनी उपळेकरांचं डोकं फिरतं.

"विथ बुक्स. पण दोनच पुस्तकं आत नेता येतील," साहेब म्हणाले. "तेव्हा नीट निवडा."

उपळेकरांचा जीव भांड्यात पडला. सरकारी खात्यात ही पद्धत जुनी आहे. नियमांचं पुस्तक उघडून पेपर लिहायचा. उपळेकर आजवरच्या सगळ्या परीक्षा अशाच पास झाले होते. नियम कुठल्या पानावर आहे हे ठाऊक असलं की नियम ठाऊक असावा लागत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आता फक्त पुस्तकं तेवढी हवी होती.

घरी निधी होती. त्यांची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तेही कॉम्प्युटरच्या. तिनं लगेच आतून तीन पुस्तकं आणून बापापुढे ठेवली.

"बाबा, ही तीन पुरेत. पहिलं एकदम बेसिक. दुसऱ्यात प्रॅक्टिकल. तिसरं सिक्युरिटीचं. पण याच ऑर्डरमध्ये वाचायचं, मध्येच उडी मारायची नाही."

उपळेकरांनी पहिलं उघडलं. आत चित्रं होती. दोन कॉम्प्युटर हातात हात घालून उभे होते आणि चक्क हसत होते.

"मी बालवाडीत आहे का?"

"तुम्हाला आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय माहितीये?"

"माहीत असतं तर पुस्तक कशाला घेतलं असतं?"

"तेच सांगतेय ना. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठीच आहे हे."

झालं. ज्याला काहीच येत नाही हे शब्द उपळेकरांच्या वर्मी लागले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून पुस्तकं निवडतोय मी," ते कडाडले.

"कुठली हो?" कुमुदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. खरंच कुतूहलानं विचारलं होतं. उपळेकर चप्पल घालून बाहेर पडले.

लझ कॉर्नरच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा एक ढीग असतो. त्यातून उपळेकरांनी तीन ग्रंथ निवडले. त्यांची कसोटी साधी होती. पुठ्ठा कडक हवा, पानं हजाराच्या आसपास हवीत, लेखकाच्या नावामागे डिग्र्यांची माळ हवी आणि आत एकही हसरा कॉम्प्युटर नको. शिवाय या तिन्हींत आधीच्या मालकानं लाल पेनानं रेघा मारलेल्या होत्या. म्हणजे महत्त्वाचं काय ते आयतंच कळणार. घरी आल्यावर निधीनं तिन्ही ग्रंथ वजनकाट्यावर ठेवले. साडेसहा किलो भरले.

"बाबा, या लाल रेघा अकराव्या पानावर थांबल्यात."

"मग?"

"तिन्हीत."

"सगळ्यांत मोलाचं सुरुवातीलाच असतं," उपळेकर म्हणाले.

मग महिनाभर घरात अभ्यास नावाचं संकट नांदलं. उपळेकर ऑफिसातून आले की गॅलरीत मांडी घालून बसत आणि ग्रंथकर्त्यांशी भांडत. पहिल्या ग्रंथात दर दोन पानांआड 'पहिल्या खंडात पाहिल्याप्रमाणे' असं येई. हा दुसरा खंड आहे, हे त्यांच्या दहा दिवसांनी ध्यानात आलं. दुसऱ्यात बोटाएवढ्या जाड केबलींची वर्णनं होती. तसली केबल ऑफिसात कुठेच दिसेना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला झापलं. तिसरा सिक्युरिटीचा. त्यात शब्द थोडे आणि समीकरणं फार. त्यातलं काही कुणाला कळू नये हीच ती सिक्युरिटी असावी, असं त्यांचं मत झालं.

"काही कळतंय का?" कुमुदिनीबाई अधूनमधून विचारत.

"यांना लिहिता येत नाही धड. एकालाही नाही."

"निधीचं पुस्तक बघा तरी."

"तिचं नाव काढू नकोस."

नवमी उजाडली. त्या दिवशी सरस्वतीपूजा, दुसऱ्या दिवशी दसरा, आणि तिसऱ्या दिवशी परीक्षा. सकाळीच श्रीनिधीनं नमुन्याचा पेपर आणून दिला. (माणूस वाईट नव्हता. पण थंड.) दहा प्रश्न होते. उपळेकरांनी साडेसहा किलो उलथंपालथं केलं. एकाचंही उत्तर सापडेना. दुपारपर्यंत त्यांच्या कानशिलांना घाम फुटला.

"निधे, ती तुझी बारकी पुस्तकं आण."

"खाली आहेत. अक्कांकडे पूजेत ठेवली सकाळी."

कनकाअक्का म्हणजे घरमालकीण, खालच्या मजल्यावरची. मूळची तंजावरची. घराणं सात पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखात आलेलं, आणि मराठी तेव्हाचीच जपलेली. त्यांच्या घरात पाटावर पुस्तकांचा ढीग रचलेला होता. वर रेशमी वस्त्र, झेंडूची फुलं, समोर समई. ढिगातून निधीच्या पुस्तकाचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. उपळेकरांनी हात पुढे केला.

"रविकांतराव, आज पुस्तकांस हात लावूं नये," अक्का म्हणाल्या. "उद्यां दशमीस, पूजा जाल्यावर."

"अक्का, परवा माझी परीक्षा आहे."

"परीक्षा आहे म्हणूनच सांगत्यें. आज सरस्वती वाचेल, उद्यां तुम्ही वाचा."

"तिला नाही ना गुम्मिडिपूंडीला जायचं," उपळेकर म्हणाले आणि जीभ चावली.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमचीं पुस्तकं कां नाहींत आणलीं?"

"पाटावर मावेनात," निधी मागून म्हणाली.

उपळेकर तरातरा कोपऱ्यावरच्या नेट सेंटरला गेले. ते बंद. काचेतून पाहिलं तर आत प्रत्येक कॉम्प्युटरला चंदनाचं बोट आणि वर कुंकू. यंत्रंसुद्धा सुट्टीवर. परत आले आणि अक्कांच्या झोपाळ्यावर बसून राहिले, त्या एका कोपऱ्याकडे बघत. अक्कांनी पूजेचं सुंडल दिलं. चणे चावताना उपळेकरांच्या दातांचा आवाज समईपर्यंत जात होता.

दुसऱ्या दिवशी अकराला पुस्तकं मिळाली. पहिल्यावर कुंकवाचा डाग होता. उपळेकरांनी ते उघडलं आणि चार तासांत संपवलं. आणि इथेच घात झाला. पुस्तक त्यांना कळलं. ते हसरे कॉम्प्युटर एकमेकांशी काय बोलतात, का बोलतात, मध्ये कोण चोरून ऐकतं, सगळं कळलं. महिना वाया गेला हेही कळलं. त्यांचा संताप अनावर झाला आणि समोर निधी होती.

"हे आधी का नाही दिलंस?"

निधीनं बापाकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. उपळेकरांना आपण काय बोललो ते उमगलं, पण माफी मागायची म्हटली की त्यांना शब्द सापडत नाहीत. ते बंद दाराशी दोन मिनिटं उभे राहिले आणि परत आले. त्या दिवशीचं सोनं द्यायचं राहूनच गेलं.

परीक्षेला दोनच पुस्तकं. शहाण्या माणसानं निधीची पहिली दोन नेली असती. उपळेकरांनी एक निधीचं नेलं आणि दुसरा तो सिक्युरिटीचा ग्रंथ, सव्वादोन किलोचा. महिनाभर हमाली केली ती काय उगाच, हा त्यामागचा विचार. हॉलमध्ये निम्मा वेळ त्या ग्रंथाची सूची चाळण्यात गेला. श्रीनिधी बारकी दोन पुस्तकं घेऊन आला होता आणि ती उघडतही नव्हता.

शेवटचा प्रश्न मात्र असा आला, की नव्या कर्मचाऱ्याला हा विषय शिकण्यासाठी कोणती पुस्तकं सुचवाल, कोणत्या क्रमानं, आणि का? उपळेकरांनी बाह्या सरसावल्या. पुरवणी मागून घेतली. जाड पुस्तक का घेऊ नये, दुसरा खंड आधी का घेऊ नये, लाल रेघा किती पानांपर्यंत आहेत ते का पाहावं, चित्रांना का हसू नये, असं महिन्याभराचं सगळं विष त्यांनी चार पानांत ओतलं. खाली निधीची तीन पुस्तकं, तिच्याच क्रमानं. पेपरातलं हे एकच उत्तर त्यांनी पुस्तक न उघडता लिहिलं.

निकाल लागला. अडतीस. दोन मार्कांनी नापास.

"माझी पुरवणी मोजलीच नाही यांनी," उपळेकर घरी येऊन गरजले. "सोडणार नाही मी."

"जाऊ द्या हो," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "बदलीचा कागद आलाय का अजून? नाही ना?"

पण उपळेकरांनी अर्ज लिहिला. तीन पानी. दिल्लीला पाठवला, पाच जणांना प्रती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"उपळेकर, थोडं थांबा. अर्ज मागे घ्या."

"का सर?"

"मला सांगता येत नाही. वरचं कॉन्फिडेन्शिअल आहे. पण थांबा."

"अन्याय सहन करणाऱ्यातला मी नव्हे सर," उपळेकर म्हणाले आणि छाती काढून बाहेर आले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

महिन्यानं दिल्लीचा लिफाफा आला. पुरवणी खरोखरच मोजायची राहिली होती. आठ मार्क वाढले. शेहेचाळीस, पास. उपळेकरांनी येताना मैसूरपाक आणला, अक्कांना दिला, आणि निधीच्या पुढ्यात डबा ठेवून भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या पुस्तकांचे मार्क आहेत हे." निधी हसली. दसऱ्यापासून पहिल्यांदाच. उपळेकरांचा राग कधी नव्हे तो पूर्ण उतरला. सुमारे दोन मिनिटं.

"अहो, आत अजून एक कागद आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. चष्मा लावून त्या वाचू लागल्या. "नव्या नेटवर्कचं मुख्य केंद्र गुम्मिडिपूंडी येथे सुरू होत आहे. सबब उत्तीर्ण कर्मचाऱ्यांना तिकडे पाठवण्यात येत आहे. अनुत्तीर्ण कर्मचारी तिथे उपयोगाचे नसल्याने आहेत त्याच जागी राहतील."

"आणि श्रीनिधी? तो तर पहिला आला."

"तो गेल्याच आठवड्यात राजीनामा देऊन बंगलोरला गेला म्हणालात ना? बाकी सगळं सेक्शन नापास. मग तुम्ही एकटेच."

उपळेकरांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. "सामान हलवायचा खर्च, प्रवासभत्ता, पै न् पै वसूल करीन मी यांच्याकडून."

कुमुदिनीबाईंनी कागद उलटला. मागे एकच ओळ टाईप केलेली होती. ती त्यांनी आधी मनात वाचली आणि मग सावकाश मोठ्यानं.

"कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अर्जावरून ही बदली होत असल्याने भत्ता मिळणार नाही."