उजव्या हाताचे लांब शब्द

वानखडे सरांनी तुमचा हात हातात घेतला, तर तो हस्तांदोलनासाठी घेतला असा गैरसमज करून घेऊ नका. ते एकेक बोट दाबून बघतात, डोळे मिटून मान हलवतात आणि निदान सांगतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाची बोटं तपासली. मागे अहेरवाल्यांची रांग खोळंबलेली. सर म्हणाले, "डाव्या करंगळीत जीव नाही बे तुह्या. रोज सकाळी पंचवीस वेळा इक्वलायझेशन." आणि जेवायला निघून गेले. नवरीला वाटलं, हे कुठलेतरी वैद्य.

तसे ते वैद्यच, पण टायपिंगचे. जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर सरांचं घर आणि टायपिंग क्लास. आता तिथे कॉम्प्युटर आले, पोरं त्यांच्यावर शिकतात. खिडकीजवळ मात्र एक जुनं टाइपरायटर सरांनी ठेवलं आहे. टायपिंगमध्ये दर बोटाची अक्षरं ठरलेली. सर ते वावराच्या भाषेत शिकवायचे. "वाटणी झाली ना? मंग कोणी कोणाच्या धुऱ्यावर जायचं नाही." डाव्या करंगळीच्या वाट्याला क्यू, ए आणि झेड. ज्याचं जे बोट कच्चं, त्याला त्या बोटाची अक्षरं असलेला लांबलचक इंग्रजी शब्द शोधून द्यायचा, ही सरांची उपचारपद्धती. माझी डावी अनामिका लुळी होती. मला 'वॅक्सवर्क्स' मिळाला. तो मी चार महिने बडवला. ते नक्की काय असतं हे मला आजही सांगता येणार नाही, पण बोट खुंटीसारखं पक्कं झालं.

एकदा धीर करून मी अर्थ विचारला, तर सर खवळले. "गोळी घेतो तवा गोळीचा अर्थ इचारतोस का डॉक्टरले?"

शब्द शोधायला त्यांच्याकडे एक पुठ्ठे गेलेली लठ्ठ डिक्शनरी होती, आणि ती पुरत नसे म्हणून सगळं गाव होतं. बँकेच्या रांगेत, सलूनमध्ये, मयतीला गेलं तरी तिथून परतताना, सर हळूच विचारायचे, "एक्स आणि डब्ल्यू एकाच शब्दात, हाये का ध्यानात?" लोक सरांना लांबून बघून गल्ली बदलायचे. मीही दोनदा बदलली आहे.

मग गेल्या वर्षी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, चालणंही आलं, पण उजव्या हाताची बोटं काही हलेनात. डॉक्टर म्हणाले, बोटांना सतत काम द्या, पहिल्या वर्षात आलं तर आलं, पुढं आशा कमी. काकूंना एकच हवं होतं. आपली वेणी आपल्या हातानं घालायची. सर घालून द्यायचे, पण ती वेणी बैलाच्या कासऱ्यासारखी दिसायची, आणि काकू तशाच बाजारात जायच्या.

दवाखान्यातून दाबायला रबरी चेंडू दिला होता. काकूंनी तो खिडकीतून फेकला. माझ्या दुकानासमोर पडला. "मी काय लेकरू हाओ का?" वरून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना टाइपरायटरपुढे बसवलं. चाळीस वर्षं त्या टकटकीनं डोकं उठतं म्हणून भांडलेली बाई ती. वर इंग्रजीचा गंध नाही. सरांना त्याची फिकीर नव्हती. त्यांना शब्द हवे होते, लांब, आणि सगळी अक्षरं उजव्याच हाताची. "डावा मदतीले आला का उजवा आळशी होते," ते म्हणाले.

आणि इथे इंग्रजी भाषेनं सरांचा घात केला. मोठे शब्द सगळे डाव्या हाताला! विमानातल्या स्ट्युअर्डेसेससुद्धा अख्ख्या डावीकडे. शाळेच्या हेडमास्तरांनी मोठ्या उत्साहानं 'रेफ्रिजरेटर' सुचवला. सरांनी बोटांवर मोजला आणि कपाळाला हात लावला. "बारातली दहा डाव्याकडं! उजव्याले दोन घास!" मग माझ्या दुकानात येऊन इंग्रजांना शिव्या दिल्या. "जेवताना काटा डाव्या हातात धरणारे लोक. त्यायच्याकडून दुसरं काय मिळणार?"

गावाला मात्र आता गल्ली बदलता येईना. काकूंसाठी आहे म्हटल्यावर सगळे कामाला लागले. भाजीवाल्या शांताबाईनं 'ओनियन' दिला. लहान होता, पण पूर्ण उजवा, म्हणून सरांनी तिच्याकडून दोन किलो कांदे घेतले. मी 'मिनिमम' दिला. कोणी 'लॉलीपॉप' दिला. पण सरांना दहा अक्षरांच्या वरचा हवा होता. "घास मोठा पाह्यजे, तवा जबडा उघडते."

तो शब्द मिळाला लोणारला. सर पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे सरोवराच्या पाण्याचा अभ्यास करायला आलेली एक मुलगी भेटली. सरांनी सवयीनं विचारलं, तिनं क्षणभर विचार करून सांगितलं, 'हायपोलिम्निऑन'. तळ्याच्या तळाशी थंड पाण्याचा थर असतो, त्याचं नाव. सर जेवायलाही थांबले नाहीत. तीन एसट्या बदलून रात्री घरी, आणि सकाळी शटर उघडायच्या आत माझ्यापुढे हजर. "अकरा अक्षरं बे गजू! एकबी डाव्याकडं नाही!"

महिनाभर वरून तोच शब्द ऐकू येत होता. टक, टक, लांब थांबा, टक. संध्याकाळी सर कागद हातात घेऊन म्हणायचे, "वा! आज दहा ओळी!"

एके दुपारी कुठलासा फॉर्म द्यायला मी वर गेलो. सर पेपर आणायला बाहेर पडले होते. काकू मशीनपुढे बसून भराभर टाईप करत होत्या. डाव्या हाताच्या एका बोटानं. उजवा हात मांडीवर निवांत पडला होता. मला बघून दचकल्या, मग हसल्या. "सांगू नको बरं त्यायले. एवढ्या दूरवरून शब्द आणला त्यायनं. कागद कोरा कसा ठेवू?"

मी फॉर्म तिथेच ठेवला. खाली येऊन उगाच झेरॉक्स मशीनचा ट्रे उघडबंद करत बसलो.

परवा सर एक कागद घेऊन दुकानात आले. त्याच शब्दाच्या बारा ओळी. "याची एक कॉपी दे. चांगली." मी कागद काचेवर ठेवताना पाहिलं, सातव्या ओळीतला एच अगदी पुसट उमटला होता.

"सर, हे एक अक्षर आलं नाही नीट. डार्क करू का?"

"हात लावू नको त्याले!" सर असे ओरडले की बाहेरचा कुत्रा उठला. मग ते स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणला. "बाकीचे सारे काळे कुळकुळीत हायेत ना? थे डाव्या हाताचे. चाळीस वर्षं कागद तपासले मी. कोणतं बोट कुठं पडलं, थे मले दिसते. पह्यल्या दिवसापासून माहीत हाये."

"मंग बोलले काऊन नाही?"

"थे माह्यासाठी टाईप मारून राह्यली, तर मी कायले बोलू?" सरांनी चष्मा काढला. "पण हा एच उजव्याचा हाये. तिच्या बोटाचा."

कॉपीत तो एच उतरेना. चार कागद वाया गेले. पाचव्या वेळी धुरकट उमटला. सरांनी तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, घडी न घालता शर्टाच्या आत ठेवला.

तेवढ्यात वरून हाक आली.

"अवो! हा शब्द पाठ झाला आता. दुसरा पाहा एखादा. याहून लांब!"

सरांनी माझा हात धरला. यावेळी बोटं तपासली नाहीत, नुसता धरून ठेवला. मग नाक पुसून गल्लीत उतरले आणि समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला अडवलं.