बोट जुळले नाही

आमच्या किरकोळ दुरुस्ती परवाना विभागाला यंदा नवे लॅपटॉप मिळाले. शहरात कुणाला स्वतःच्याच घराची भिंत फूटभर सरकवायची असेल, खिडकी काढायची असेल किंवा जिन्याचं तोंड फिरवायचं असेल, तर आमच्या विभागाची मान्यता लागते. ही मान्यता देण्यासाठी एक विभागप्रमुख नेमलेला असतो. तो मी. नव्या लॅपटॉपचं वैशिष्ट्य असं, की तो पासवर्डने उघडत नाही, अधिकाऱ्याच्या बोटानेच उघडतो, आणि प्रत्येक मान्यतेखाली तेच बोट पुन्हा टेकवावं लागतं. पासवर्ड बंद करण्याचं परिपत्रक माझ्याच सहीने निघालं आहे, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही.

परिपत्रक अर्थातच बाईंनी लिहिलं. बाई म्हणजे आमच्या टंकलेखिका. गेली अकरा वर्षं त्यांचं टेबल माझ्या केबिनच्या दाराशी आहे. मी तोंडी सांगतो, बाई लिहितात, मी सही करतो आणि शाबासकी घेतो, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे. या परिपत्रकातलं कलम नऊ तेवढं मी स्वतः घातलं: ‘एकदा नोंदविलेले बोट कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही. बदल मागणाऱ्या अधिकाऱ्याने परके बोट यंत्रात कसे आले याचा लेखी खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास त्यास पदावरून दूर करण्यात येईल.’ मोठे साहेब वाचून म्हणाले, “वा, कडक आहे.” त्यानंतर दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

लॅपटॉप मात्र लहरी निघाला. सकाळी अकराला मी कार्यालयात पोचलो, की तो टेबलावर तयार असे. बोट टेकवलं, की पडदा लगेच उजळे. जेवणाच्या सुटीनंतर तेच बोट, तीच जागा, तोच मी, आणि पडद्यावर अक्षरं येत: ‘बोट जुळले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ मी पुन्हा प्रयत्न करी. पाचव्या प्रयत्नानंतर यंत्र आवाज चढवून सांगे, ‘आपण अधिकृत व्यक्ती नाही.’ बावीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

मग मी हाक मारी, “बाई!” बाई येत, चष्मा कपाळावर सरकवत, बोट टेकवत आणि लॅपटॉप निमूट उघडे.

“कसं काय जमतं हो तुम्हाला?”

“काही नाही साहेब, नुसतं टेकवलं.”

मी असा निष्कर्ष काढला, की बोट कुणाचं आहे यापेक्षा ते कसं टेकवलं जातं याला महत्त्व असावं. बाईंचा हात हलका आहे, माझ्या हाताला अधिकाराचं वजन आहे. हा निष्कर्ष मी दोन-तीन जणांना बोलूनही दाखवला, आणि ते माझ्या हाताखालचे असल्यामुळे त्यांना तो पटला.

लॅपटॉप उघडून दिला, की बाई एकच वाक्य बोलत. “साहेब, उघडलाच आहे, तर माझ्या अर्जाचं तेवढं बघता का?”

अर्ज बढतीचा होता. आमच्या शेजारच्या खोलीत मोठी दुरुस्ती परवाना विभाग आहे. तिथल्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. बाई परीक्षा कधीच पास झाल्या होत्या. कमी होती ती फक्त माझ्या शिफारशीची. मागच्या दोन वेळी मी “बघू” म्हणालो होतो आणि बघेपर्यंत मुदत टळली होती. या खेपेची मुदत महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि बाईंचं वय यंदाच काय ते नियमात बसत होतं. पुढच्या वर्षी त्यांना अर्जही करता आला नसता. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणूनच मी दर वेळी म्हणत असे, “बघू.”

एका शनिवारी मी लॅपटॉप घरी आणला आणि दोषाचा पद्धतशीर तपास हाती घेतला. वही केली, रकाने आखले. उजवा अंगठा, नापास. तर्जनी, नापास. मधलं बोट दोनदा नापास. हात कोमट पाण्याने धुऊन, नापास. पुसून, क्रीम लावून, क्रीम पुसून, नापास. मुलीला फोन केला.

“बाबा, सेटिंगमध्ये जा आणि बोट परत नोंदवा.”

“सेटिंग लॅपटॉपच्या आत आहे. मी बाहेर आहे.”

“मग पासवर्ड टाकून उघडा.”

“पासवर्ड बंद केलेत.”

“कुठल्या शहाण्याने?”

मी म्हणालो, रेंज जातेय.

हाताची दहाही बोटं संपल्यावर तपास अर्धवट सोडणं मला प्रशस्त वाटेना. मी लॅपटॉप खाली ठेवला आणि मोजा काढला. तेवढ्यात बायको खोलीत आली.

“अहो, लॅपटॉपवर पाय काय देताय?”

“तांत्रिक तपासणी चालली आहे.”

“मग निदान पाय धुऊन तरी करा,” ती म्हणाली आणि निघून गेली. धुऊनही नापास, अशी नोंद मी वहीत केली.

सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, इतकी वर्षं राबून ठसे झिजले असतील. तसा दाखला मिळाला तर दोष यंत्राचा नाही आणि माझाही नाही, कष्टाचा आहे, असं लिहून देता येईल. डॉक्टरांनी भिंग घेऊन माझी बोटं बराच वेळ पाहिली.

“ठसे झिजतात ते गवंड्यांचे, भांडी घासणाऱ्यांचे, धुणं धुणाऱ्यांचे. तुमच्या रेषा एकदम कोऱ्या करकरीत आहेत. काम काय करता?”

“विभागप्रमुख आहे.”

“तरीच,” म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

शेवटी अठ्ठावीस तारखेला दुरुस्तीवाला आला. पाठीवर पिशवी, कानात वायर, बोलण्यात नको इतका मोकळेपणा. त्याने लॅपटॉपला स्वतःचं एक यंत्र जोडलं आणि दोन मिनिटांत मान वर केली.

“साहेब, याच्यात एकच बोट नोंदलंय आणि ते तुमचं नाहीये.”

“मग कुणाचं आहे?”

“माझं, साहेब,” बाई दारातून म्हणाल्या. फाइल घेऊन त्या तिथेच उभ्या होत्या. “नोंदणीवाला आला तेव्हा तुम्ही सभागृहात भाषण करत होतात. त्याला पुढे चाळीस मशिनं करायची होती, तो थांबेना. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘बाई, तुम्हीच करून टाका ना, नेहमीसारखं.’”

मला आठवलं. भाषणाचा विषय ‘वैयक्तिक जबाबदारी’ हा होता. माइकवर हात ठेवून मी ते बोललो होतो.

“म्हणजे सकाळी मी यायच्या आधी...”

“मी उघडून ठेवते ना. तुम्ही कुठेही हात लावलात तरी पडदा लागतो. दुपारी तो आपोआप बंद होतो, मग तुम्ही हाक मारता.”

“आणि आजवरच्या मान्यता?”

“तुम्ही म्हणता, ‘बाई, घ्या हे करून.’ मी करते.”

चार महिन्यांत आमच्या विभागाने सहाशे बारा मान्यता दिल्या होत्या. त्यांतली एकही मी दिलेली नव्हती. दुरुस्तीवाला वायरी गुंडाळत म्हणाला, “बोट बदलून देतो की. फक्त कलम नऊचा खुलासा आणा वरून. ते कलम कुणी लिहिलंय हो? डोकं तपासून घ्यायला पाहिजे त्याचं.”

“वरूनच आलंय,” मी म्हणालो.

त्याने अहवाल लिहिला: ‘यंत्र निर्दोष. वापरणारा चुकीचा.’ आणि माझी सही घेऊन तो गेला.

मी दार लावून बसलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बाईंचा अर्ज याच लॅपटॉपमध्ये होता. बोट त्यांचंच होतं. मी जेवायला गेलो असताना कुठल्याही दुपारी त्यांना स्वतःची शिफारस करून घेता आली असती. कुणाला कळलंही नसतं, मला तर नाहीच. आणि ही बाई रोज माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, “माझ्या अर्जाचं बघता का?” मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. साधारण पाऊण तास.

मग लाज ओसरली आणि भीती आली. बाई शेजारच्या खोलीत गेल्या, की हा लॅपटॉप कायमचा बंद. बोट बदलायचं तर खुलासा द्यायला हवा, आणि खुलासा काय देणार? अकरा वर्षं हा विभाग कोण चालवतंय, हेच त्यात लिहावं लागणार. त्यापेक्षा बाईंनी जागेवरच राहावं, हे सर्वांच्या सोयीचं होतं. सर्वांच्या म्हणजे माझ्या.

तीस तारखेला चार वाजता मी बाईंना आत बोलावलं.

“बसा. तुमचा तो अर्ज मार्गी लावू. घ्या लिहून. ‘सदर कर्मचाऱ्याची सेवा या विभागास अपरिहार्य असल्यामुळे...’”

बाईंचा चेहरा उजळला. त्या भराभर टंकू लागल्या.

“‘...त्यांच्या बढतीची शिफारस करता येत नाही.’”

हात थांबला. 

“साहेब, यंदा शेवटचं वर्ष आहे माझं.”

“मला का कळत नाही? पण विभागाचं हित बघायला नको का?”

“विभागाचं,” बाई म्हणाल्या.

“मग कुणाचं?”

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी पेपरवेट पाहत होतो. मग त्यांनी चष्मा नीट केला, उरलेलं वाक्य लिहिलं, बोट टेकवलं. यंत्राने पहिल्याच झटक्यात ओळखलं.

“झालं?”

“झालं, साहेब.”

“राग मानू नका हं, बाई.”

“होता, साहेब. आत्ताच गेला.”

बाईंच्या मनाच्या मोठेपणाने मी भारावलो आणि त्या दिवशी वेळेच्या आधीच घरी गेलो.

पाचव्या दिवशी बाईंच्या बढतीचा आदेश निघाला. सोबत माझ्या शिफारशीची प्रत होती: ‘सदर कर्मचाऱ्याची सेवा या विभागास अपरिहार्य असल्यामुळे, त्या गेल्यावर होणारी गैरसोय पत्करूनही, त्यांच्या बढतीची कळकळीने शिफारस करीत आहे.’ मी धावतच बाईंच्या टेबलाशी गेलो. त्या खण रिकामा करत होत्या.

“बाई, मी काय सांगितलं होतं?”

“साहेब, अकरा वर्षांत तुम्ही सांगितलेलं मी जसंच्या तसं कधी लिहिलंय का? लिहिलं असतं, तर तुम्ही त्या खुर्चीत राहिला असतात का?”

मी तरातरा मोठ्या साहेबांकडे गेलो.

“साहेब, ही शिफारस मी केलेली नाही.”

मोठ्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. “खाली बोट आहे. कुणाचं आहे?”

मी वर पाहिलं. त्यांच्या मागे भिंतीवर माझं परिपत्रक चौकटीत लावलेलं होतं, आणि कलम नऊखाली त्यांनी स्वतः लाल रेघ मारली होती.

“कुणाचं आहे म्हणतो मी?”

“माझंच, साहेब.”

“मग?”

“मग काही नाही. म्हटलं, शिफारस पोचली का बघावं.”

“असा दिलदार अधिकारी विरळा,” मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

बाई शेजारच्या खोलीत गेल्याला आता अडीच महिने झाले. माझा लॅपटॉप तेव्हापासून उघडलेला नाही. सकाळी येतो, झाकण वर करतो, बोट टेकवतो, ‘आपण अधिकृत व्यक्ती नाही’ हे वाचतो आणि कामाला बसतो. कुणाच्या काही लक्षात आलेलं नाही. उलट, गेल्या तिमाहीत एकही अर्ज फेटाळला नाही म्हणून आमच्या विभागाचं जाहीर कौतुक झालं. शेजारच्या खोलीत मात्र बाई सकाळपासून अर्ज निकाली काढत असतात. आमच्याकडचे किरकोळ अर्जही तिथे कुणी नेले, तर त्या हातावेगळे करून देतील. तसा अधिकार त्यांना आहे, फक्त ते कुणी नेत नाही.

परवा सकाळी एक अर्जदार आले. स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकी काढायची होती. कागद अगदी नीट लावलेले. जिना चढून आलं, की पहिली खोली बाईंची. दार उघडं होतं, दारावर पदाची पाटी होती, समोर लॅपटॉप उघडा होता आणि बाई खुर्चीत बसलेल्या होत्या. त्यांनी कागद घ्यायला हात पुढे केला. अर्जदारांनी कागद छातीशी धरले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “बाई, साहेब कुठे भेटतील?”

बाईंनी हात मागे घेतला. “पुढच्या खोलीत,” म्हणाल्या.

अर्जदार माझ्याकडे आले. लवून नमस्कार केला. “तुमच्यासारखी कामाची माणसं आहेत, म्हणून कार्यालय चालतं, साहेब,” असंही म्हणाले. मी कागद घेतले, मान डोलावली आणि म्हटलं, “बघू.”

नाव सांगत नाही, पण अर्जावरचा तुमचा फोटो मी नीट पाहिला आहे, आणि हे वाचताना तुम्ही मला हसत होता, तेही मला दिसतं आहे. तुमची खिडकी माझ्याकडे सुरक्षित आहे.